मागाहून पाहण्याची दूरचित्रवाणी : वर्गणी, परवाना आणि नोंदणी

ब्रिटनमध्ये उच्च अध्ययनासाठी जाणारे आपल्या विभागाचे विद्यार्थी एक प्रश्न वारंवार विचारतात. तेथील इंग्रजीच्या प्रादेशिक बोली ऐकावयाच्या तर दूरचित्रवाणीवरील मुलाखती, चर्चा आणि कौटुंबिक मालिका हे हाताशी असलेले उत्तम साधन होय. पण भाड्याच्या खोलीत ‘स्मार्ट’ संच नाही आणि दरमहा वर्गणी भरण्याची ऐपत नाही, अशा स्थितीत सुटलेले कार्यक्रम मागाहून पाहावेत कसे? प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा आहे. तथापि उत्तर शोधू लागले म्हणजे ध्यानात येते की, यातील निम्मी अडचण शब्दांनी उत्पन्न केलेली आहे. ‘स्मार्ट’, ‘फ्री’ आणि ‘सबस्क्रिप्शन’ हे शब्द आपण अर्थ न पारखता वापरतो, आणि त्यापायी कोणी अनावश्यक खर्च करून बसतो, तर कोणी नकळत कायदा मोडतो. प्रस्तुत टिपणात या शब्दांमागील वस्तू निरनिराळ्या करून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१. प्रथम मूळ सोयीचे स्वरूप पाहू. प्रक्षेपण म्हणजे एका केंद्राने एका ठरावीक वेळी सर्वांसाठी पाठविलेला कार्यक्रम. तो त्या वेळी पाहिला तर पाहिला, नाही तर गेला. मागाहून पाहण्याच्या सोयीत कार्यक्रम संस्थेच्या संगणकावर साठविलेला असतो आणि ज्याने मागितला त्याच्याकडे, त्याने मागितला त्या वेळी, इंटरनेटवरून पाठविला जातो. ब्रिटनमध्ये चॅनेल ४ ने ही सोय नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू केली. बीबीसीच्या ‘आयप्लेअर’चे औपचारिक उद्घाटन २५ डिसेंबर २००७ रोजी झाले. आयटीव्हीची सेवा २०२२ च्या अखेरीपासून ‘आयटीव्हीएक्स’ या नावाने चालते. हा भेद केवळ तांत्रिक नाही. प्रक्षेपण आणि मागणीनुसार पाठवणी यांना तेथील कायदाही निरनिराळे नियम लावतो, हे पुढे दिसेल.

२. आता ‘स्मार्ट’ संच. या विशेषणाने अनेकांची अशी समजूत होते की, त्या पडद्यातच काही अपूर्व गुण असावा. वस्तुतः असा संच म्हणजे एका पेटीत बसविलेल्या दोन वस्तू होत : एक पडदा आणि एक लहानसा संगणक. पडदा दाखविण्याचे काम करतो, संगणक कार्यक्रम मागवून आणण्याचे. ही दोन्ही कामे एकाच पेटीने करावीत असा काही नियम नाही. विद्यार्थ्याजवळ लॅपटॉप असतोच, म्हणजे संगणक झाला. त्याच्या ब्राउझरमध्ये या सर्व सेवा उघडतात, आणि एकट्यापुरते पाहावयाचे असेल तर आणखी कशाचीच गरज नाही.

मोठा पडदा हवा असल्यास जुना, साधा सपाट संच पुरेसा आहे. त्याच्या मागे वा बाजूस ‘एचडीएमआय’ नावाचे चपटे छिद्र असते. या जोडणीचे प्रमाणक २००२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक सपाट संचांत ते आढळते. एक केबल लॅपटॉपपासून तेथवर जोडावी आणि रिमोटने त्या जोडणीचा क्रमांक निवडावा. चित्र आणि आवाज एकाच केबलमधून जातात. चित्र दिसूनही आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला, तर लॅपटॉपच्या ध्वनीच्या मांडणीत जाऊन आवाज बाहेर जाण्याचे ठिकाण बदलावे. लॅपटॉपच्या अंगाला हे छिद्र नसेल तर जोड घ्यावा लागतो. मोबाइलच्या बाबतीत मात्र सावध असावे. चार्जिंगचे छिद्र सारखेच दिसत असले तरी सगळेच फोन त्यातून चित्र बाहेर देत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे संचाच्या याच छिद्रात बसणारी बोटभर लांबीची ‘स्टिक’. ती म्हणजे पेटीबाहेर काढलेला तोच लहान संगणक होय. तिला वीज आणि वायफाय द्यावे लागते. तिची किंमत एकदाच मोजावयाची असते, आणि ती घेतल्याने कोणत्याही सेवेची वर्गणी भरणे बंधनकारक होत नाही.

इंटरनेटचा हिशेबही करून ठेवावा. चित्र सेकंदाला ३ मेगाबिट या गतीने येत असेल, तर तासाच्या ३६०० सेकंदांत १०,८०० मेगाबिट, म्हणजे सुमारे १,३५० मेगाबाइट खर्ची पडतात. खोलीच्या भाड्यात ब्रॉडबँड समाविष्ट असेल तर याची चिंता नको. मोबाइलच्या मर्यादित डेटावर मात्र हा भार मोठा आहे. अशा वेळी चित्राची प्रत खालची निवडावी. बोली ऐकणाऱ्यास तेवढे पुरते.

३. आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दाने जे सांगितले जाते, त्यासाठी मराठीत मोफत, मोकळा, मुक्त, खुला असे अनेक शब्द आहेत. त्यांतील कोणता येथे लागू पडतो हे ठरविण्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत.

वर्गणी म्हणजे एखाद्या सेवेचा लाभ चालू राहावा म्हणून त्या सेवेला स्वेच्छेने ठरावीक काळाने दिलेले पैसे. ती थांबविली की लाभ थांबतो, याहून अधिक काही होत नाही. आयप्लेअरला अशी वर्गणी नाही. आयटीव्हीएक्स, चॅनेल ४ आणि चॅनेल ५ यांच्या सेवाही जाहिरातींसह वर्गणीविना पाहता येतात. जाहिराती टाळणारी सशुल्क श्रेणी समोर येते, पण ती घेण्याची सक्ती नाही.

नोंदणी म्हणजे आपले नाव आणि ईमेलचा पत्ता देऊन खाते उघडणे. आयप्लेअरने २०१७ पासून ती आवश्यक केली. तिला पैसे पडत नाहीत. अर्थात आपली माहिती देणे हेही एक प्रकारचे मोल आहेच. तेव्हा या सेवा मोफत आहेत असे म्हणता येईल, मुक्त आहेत असे मात्र म्हणता येणार नाही.

परवाना ही तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तो कायद्याने घ्यावयाचा असतो आणि त्यावाचून पाहणे हा गुन्हा ठरतो. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीचा परवाना १९४६ पासून आहे. कोणत्याही वाहिनीचा कार्यक्रम त्याच्या प्रक्षेपणाच्या वेळीच पाहावयाचा असेल, तर साधन कोणतेही असो, परवाना लागतो. आयप्लेअरवर बीबीसीचे कार्यक्रम मागाहून पाहण्यासही १ सप्टेंबर २०१६ पासून तो लागतो. मात्र इतर तीन सेवांवर मागाहून पाहण्यास तो लागत नाही. केवळ संच बाळगण्यासही लागत नाही. तोच संच लॅपटॉपचा पडदा म्हणून वापरावा, कायद्याची हरकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये रंगीत संचाच्या परवान्याचा वार्षिक दर १७४ पौंड ५० पेन्स ठरविण्यात आला होता. ही रक्कम हप्त्यांनी भरता येते. परवान्याविना पाहिल्यास इंग्लंडमध्ये १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. वसतिगृहात स्वतंत्र खोली घेतलेल्यास आपला स्वतंत्र परवाना काढावा लागतो. सर्वांनी मिळून एकाच भाडेकरारावर घेतलेल्या घरास सामान्यतः एक पुरतो.

आपल्या विद्यार्थ्यांची चूक नेमकी येथे होते. ‘वर्गणी नाही’ हे वाक्य त्यांना ‘काहीच देणे नाही’ असे ऐकू येते. याचे कारण आपल्या अलीकडच्या अनुभवात आहे. पूर्वी आपल्याकडेही रेडिओसाठी, आणि पुढे दूरचित्रवाणी संचासाठी, टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. जुन्या घरांत अशी परवाना-पुस्तके अजूनही सापडतात. १९८० नंतरच्या दशकात ही पद्धत बंद झाली. पुढे २००४ मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रह सेवा आली, आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनप्रसंगी प्रसार भारतीच्या ‘वेव्हज’ या सेवेचा आरंभ झाला. या काळात वाढलेल्या पिढीने परवाना वाहन चालविण्याचा पाहिला आहे, दुकानाचा पाहिला आहे. पाहण्या-ऐकण्याचा परवाना तिने पाहिलेला नाही. वस्तू गेली की शब्दाचा तेवढा अर्थही बोलणाऱ्याच्या मनातून जातो. आजोबांना जे सांगावे लागले नसते, ते नातवाला समजावून सांगावे लागते.

४. शेवटी संशोधकास एक इशारा. मागाहून पाहण्याची सोय म्हणजे संग्रहालय नव्हे. आयप्लेअरवर प्रारंभी कार्यक्रम सात दिवस राहत, २०१४ मध्ये ही मुदत तीस दिवस झाली, आणि २०१९ मध्ये ती साधारणतः एका वर्षापर्यंत नेण्यास नियामक संस्थेने मान्यता दिली. मुदत वाढली तरी ती मुदतच आहे. शिवाय हक्कांचे करार देशागणिक होत असल्याने या सेवा ब्रिटनबाहेर पाहता येत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या एका विद्यार्थ्याने अशाच एका सेवेवरील संवादांतून स्वरांच्या उच्चाराची पुष्कळ उदाहरणे जमविली होती. त्याने मालिकेचे नाव आणि भागाचा क्रमांक तेवढा टिपून ठेवला. प्रबंध लिहिण्यास परत आल्यावर परीक्षकांच्या शंकेचे निरसन करण्यासाठी तो भाग पुन्हा ऐकावयाचा, तर तो उपलब्ध नव्हता. एक संपूर्ण प्रकरण त्याला मागे घ्यावे लागले. त्याचे ऐकणे चुकले होते असे नव्हे. ते बरोबर होते हे दाखविण्यास पुरावा उरला नव्हता, इतकेच.

यास्तव ऐकतानाच वाक्य लिहून घ्यावे. ध्वनिलेखन त्याच बैठकीत करावे. प्रक्षेपणाची तारीख, वाहिनी, पाहिल्याचा दिवस आणि कार्यक्रमातील मिनिट-सेकंद यांची नोंद ठेवावी. शक्य तेथे सहाध्यायाकडून तोच उतारा पुन्हा ऐकवून पडताळून घ्यावा. या कामाला स्मार्ट संच लागत नाही आणि वर्गणीही लागत नाही. एक केबल, एक वही आणि परवान्याचा नियम नीट वाचण्याइतका धीर एवढ्यावर ते साधते.