पायांच्या फुगलेल्या शिरांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका किती?

नवी दिल्ली : पोटरीवर उठून दिसणाऱ्या निळसर, वेड्यावाकड्या शिरा, म्हणजेच ‘व्हेरिकोज व्हेन्स’, ही केवळ सौंदर्याशी निगडित बाब समजून अनेकदा दुर्लक्षिली जाते. मात्र असा विकार असलेल्यांमध्ये पायातील खोल शिरेत रक्ताची गुठळी (डीप व्हेन थ्रॉम्बोसिस) होण्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत सुमारे पाचपट असल्याचे तैवानमधील एका व्यापक अभ्यासात आढळले आहे.

पायांतील रक्त हृदयाकडे वर ढकलण्याचे काम प्रामुख्याने पोटरीचे स्नायू करतात, तर शिरांमधील एकमार्गी झडपा ते मागे येऊ देत नाहीत. या झडपा कमकुवत झाल्या की रक्त साचते, दाब वाढतो आणि शीर फुगते. दीर्घकाळ उभे राहण्याचे काम, गर्भधारणा, लठ्ठपणा, वाढते वय व आनुवंशिकता यांमुळे ही शक्यता वाढते.

साचलेल्या रक्ताची त्वचेलगतच्या शिरेत गुठळी झाल्यास तो भाग लाल, कडक व वेदनादायी होतो. ही गुठळी बहुधा तेथेच मर्यादित राहते. परंतु जांघेजवळ असल्यास ती खोल शिरेत पसरू शकते. खोल शिरेतील गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात अडकल्यास जीवावर बेतू शकते.

‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात व्हेरिकोज व्हेन्स असलेल्या २ लाख १२ हजार ९८४ रुग्णांची तितक्याच इतर व्यक्तींशी तुलना करण्यात आली. खोल शिरेतील गुठळीचे वार्षिक प्रमाण रुग्णांमध्ये दर हजारी ६.५५, तर इतरांमध्ये १.२३ होते. म्हणजेच धोका अधिक असला तरी वर्षभरात शंभरातील एकाहूनही कमी रुग्णाला ही व्याधी जडली. फुगलेल्या शिरा हेच गुठळीचे कारण आहे, असे मात्र या निरीक्षणात्मक अभ्यासातून सिद्ध होत नाही.

एकाच पायाला अचानक सूज येणे, पोटरी दुखणे किंवा गरम लागणे ही लक्षणे दिसल्यास पायाला मालीश न करता तातडीने डॉक्टरांकडे जावे. डॉपलर सोनोग्राफीद्वारे गुठळीचे निदान होते व रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी उपचार करता येतात. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे ही आणीबाणीची चिन्हे असून अशा वेळी रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे.

नियमित चालणे, वजन आटोक्यात ठेवणे व बसताना पाय उंचावर ठेवणे उपयुक्त ठरते. दाब देणारे विशेष मोजे मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावेत. पायाच्या धमन्यांत अडथळा असल्यास ते अपायकारक ठरू शकतात.