धुकं नसलेला घाट: स्विचच्या डब्यात हवेतून जाणारा डेटा

जुलैमध्ये खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर गेलाय कधी? समोरचा किल्ला क्षणभर दिसतो, मग ढग येतो आणि सगळं पांढरं. आता समजा, इथून त्या किल्ल्यावर लेझरने इंटरनेट पाठवायचंय. उन्हाळ्यात चालेल. पावसाळ्यात धुक्याचे थेंब प्रकाश विखरून टाकतील आणि लिंक गेली! अल्फाबेटच्या 'तारा' प्रकल्पाने 2021 मध्ये काँगो नदीवरून ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही शहरं अशीच जोडली, अंतर जवळपास 5 किलोमीटर. आपल्या घाटात, ऐन आषाढात? मी तरी पैज लावणार नाही.

पण हाच लेझर डब्याच्या आत नेला तर? तिथे ना धुकं, ना पाऊस.

हा डबा म्हणजे डेटा सेंटरमधला नेटवर्क स्विच. तुमची रील कोणत्या वाटेने जाणार, हे तो ठरवतो. मोठ्या स्विचमध्ये बरेच सर्किट बोर्ड असतात आणि ते तांब्याने एकमेकांना जोडलेले असतात. तांब्यात सिग्नल हळू जातो म्हणून प्रकाश हवा, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरी गोम वेगळीच आहे. एका जोडीतून सेकंदाला 100 गिगाबिट पाठवायला गेलात, की करंट तांब्याच्या फक्त पृष्ठभागावरून वाहतो, बोर्डचं मटेरियलही सिग्नल शोषतं. काही इंचांतच सिग्नल मरगळतो. मग तो सावरायला चिप्स, चिप्सना वीज, विजेची उष्णता, उष्णतेसाठी पंखे, आणि पंख्यांना पुन्हा वीज!

म्हणून कल्पना अशी: एका बोर्डवर बारीक लेझर, समोरच्यावर डिटेक्टर, मध्ये नुसती हवा. दोन किरण एकमेकांना छेदून गेले तरी बिघडत नाही. तारांचं तसं नसतं.

अडचण नेमाची. बोर्ड 25 मिलिमीटर दूर आहे आणि लेझर 0.1 अंशाने कलला, तर किरण 44 मायक्रॉन सरकतो. इतक्या वेगाचा डिटेक्टरच मुळात काही दहा मायक्रॉनचा. बोर्ड तापून वाकतो, पंख्यांनी थरथरतो, कुणीतरी तो काढून परत बसवतो. भिंगाने किरण रुंद केला तर बाजूला सरकणं चालतं, पण मग कोन जरासाही चुकून चालत नाही. एकीकडे सुटलात की दुसरीकडे अडकलात! त्यामुळे बोर्ड-टू-बोर्ड प्रकार बराचसा प्रयोगशाळेतच राहिलाय.

त्याचा एक भाऊबंद मात्र कामाला लागलाय. गूगलच्या डेटा सेंटरमधल्या पालोमार स्विचमध्ये 136 फायबर आत येतात, प्रकाश हवेतून इवल्याशा हलत्या आरशांवर पडतो आणि हव्या त्या फायबरमध्ये जातो. आतल्या आत प्रकाशाची वीज करायची, विजेचा पुन्हा प्रकाश, ही भानगडच नाही. नेटवर्कच्या या एकूण बदलामुळे 41 टक्के वीज वाचली, असं गूगलने 2022 मध्ये सांगितलं. आरशाला वेगाशी देणंघेणं नाही. उद्या डेटा चौपट वेगाने आला तरी आरसा तोच. फक्त वळायला त्याला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून प्रत्येक पॅकेटची वाट निवडायचं काम अजून चिपकडेच आहे.