मध्यम किमतीचा स्कोप : पैसे भिंगाचे, यंत्रणेचे की नावाचे?

शिवाजीनगर (बंगळुरू) : छावणीच्या काळात वसलेल्या या भागातून इन्फन्ट्री रोड जातो आणि त्याच रस्त्यावर शहराचे पोलिस आयुक्तालय आहे. बंदुकीच्या परवान्यासाठी बंगळुरूकरांना अखेर त्याच दाराशी यावे लागते. अर्ज, पूर्वचारित्र्याची चौकशी, प्रशिक्षणाचा दाखला, निवडणूक जाहीर झाली की शस्त्र जमा करणे, असे त्या वाटेवरचे टप्पे ठरलेले आहेत. शस्त्राची आणि ते बाळगणाऱ्याची इतकी कसून पारख होत असताना त्याच शस्त्रावर बसणाऱ्या दुर्बिणीची, म्हणजे स्कोपची, पारख मात्र पूर्णपणे ग्राहकावर सोडलेली असते. पाच हजारांचा स्कोप आणि पन्नास हजारांचा स्कोप दुकानाच्या काचेमागे सारखेच काळे, सारखेच लांब आणि सारखेच रुबाबदार दिसतात. फरक कळेपर्यंत बहुधा पैसे दिलेले असतात.

परवान्याची गरज नसलेल्या एअर रायफलींमुळे हा प्रश्न आता सर्वसामान्य घरांपर्यंत पोहोचला आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार नळीचा व्यास .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा आणि छऱ्याची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त नसलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. त्यातच कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. अशा यशानंतर मुलांसाठी रायफलींची चौकशी सुरू होणे स्वाभाविकच, आणि रायफलीपाठोपाठ स्कोपचीही.

पहिला घोटाळा येथेच होतो. कुसाळेच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर व ५० मीटर रायफल प्रकारांत भिंगांची दुर्बीण वापरता येत नाही. तेथे मागे बारीक छिद्राची आणि पुढे वर्तुळाकार माशीची ‘पीप साइट’ असते. नेमबाजाच्या शेजारी तिपाईवर दिसणारी दुर्बीण नेम धरण्यासाठी नसते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धांची वाट धरायची असेल, तर सुरुवातीला स्कोपवर खर्च करणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला होडी घेऊन देण्यासारखे आहे. स्कोपचे खरे स्थान अन्यत्र आहे. ‘फील्ड टार्गेट’ या एअर रायफलींच्या खेळात, जेथे सुमारे ५० मीटरपर्यंतच्या वेगवेगळ्या अंतरांवरील धातूची लक्ष्ये पाडायची असतात. परवानाधारकांच्या लांब पल्ल्याच्या सरावात. आणि अर्थातच सैन्यात व पोलिस दलात.

बाजार परदेशी, गरज देशी

या लेखापुरता ‘मध्यम किमती’चा अर्थ साधारण तीस हजारांपासून लाखभर रुपयांपर्यंत असा घेता येईल. याखाली बहुतेक माल केवळ रूपाचा असतो. याच्या वर गेल्यास प्रत्येक जादा हजारामागे मिळणारी सुधारणा उत्तरोत्तर घटत जाते. मधल्या पट्ट्यात मात्र उत्तम आणि सुमार वस्तू एकाच किमतीला शेजारी शेजारी मांडलेल्या असतात.

या पट्ट्यातील बरेचसे स्कोप अमेरिकी व युरोपीय शिकाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असतात. शिकारी पहाटे व तिन्हीसांजेला बाहेर पडतो, म्हणून त्याला मंद प्रकाशात उजळ दिसणारे, ५० किंवा ५६ मिलिमीटरचे मोठे वस्तुभिंग हवे असते. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला आणि शिकारीचा प्रश्न निकाली निघाला. येथला ग्राहक भर उजेडात कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर नेम धरतो. मंद प्रकाशातील कामगिरीसाठी मोजलेला पैसा त्याच्या दृष्टीने जवळजवळ वाया जातो. जाहिरातीत मात्र नेमके तेच वैशिष्ट्य सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले असते.

यामागचे गणित सोपे आहे. वस्तुभिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. बाजारात सर्वाधिक दिसणाऱ्या ‘३-९×४०’ स्कोपचे वर्धन ९ पट असताना ही चकती सुमारे ४.४ मिलिमीटरची असते. लख्ख उजेडात माणसाची बाहुली दोन ते चार मिलिमीटर एवढीच उघडते. चकती त्याहून मोठी असेल तर उरलेला प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. उलट ५० मिलिमीटरच्या भिंगावर २५ पट वर्धन घेतले, तर चकती दोन मिलिमीटरवर येते. प्रतिमा अंधारते आणि डोके केसभर हलले तरी कडेने काळी सावली पडते. म्हणून वर्धनाचा मोठा आकडा हा गुणवत्तेचा पुरावा ठरत नाही. स्वस्त स्कोपमध्ये तो बहुधा उणिवा मोठ्या करून दाखवण्याचेच काम करतो.

नळीच्या जाडीबाबतही असाच एक गैरसमज आहे. ३० मिलिमीटरची नळी एक इंची नळीपेक्षा ‘जास्त प्रकाश देते’ असे विक्रेते हमखास सांगतात. प्रत्यक्षात जाड नळीचा मुख्य लाभ म्हणजे आतील यंत्रणेला वर-खाली सरकायला मिळणारी जादा जागा.

काच आणि तिच्यावरचा लेप

लेप न दिलेल्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. स्कोपमध्ये आठ भिंगे धरली तर सोळा पृष्ठभाग होतात आणि अखेर डोळ्यापर्यंत जेमतेम ५२ टक्के प्रकाश पोहोचतो. जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तनरोधी लेपाचे तंत्र विकसित केले, तेव्हा या नुकसानीवर पहिला व्यवहार्य उपाय सापडला. आजच्या चांगल्या बहुस्तरीय लेपाने प्रत्येक पृष्ठभागावरील नुकसान अर्ध्या टक्क्यापर्यंत आणले, तर त्याच सोळा पृष्ठभागांतून ९२ टक्के प्रकाश पार होतो. त्यामुळे खोक्यावरील शब्द नीट वाचावेत. ‘कोटेड’ म्हणजे कोठल्या तरी पृष्ठभागावर एक थर, ‘मल्टिकोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांवर अनेक थर आणि ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर. लालभडक चमकणारी भिंगे पाहून अनेकांना भुरळ पडते. तो लेप लाल प्रकाश बाहेर फेकतो, म्हणून आतील दृश्य हिरवट-निळसर होते. अशा भिंगांपासून दूर राहिलेलेच बरे.

काचेची परीक्षा दुकानाच्या दारात, रायफलीशिवाय आणि पाच मिनिटांत करता येते. स्कोप सुटा हातात घ्यावा, सूर्याकडे पाठ करावी आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवरील एखादी गडद कड पाहावी. शिवाजीनगरात सेंट मेरी बॅसिलिकाचा मनोरा त्यासाठी अगदी सोयीचा. कडेला जांभळी-हिरवी किनार दिसली, तर रंगदोष नीट काढलेला नाही असे समजावे. मनोरा दृश्याच्या मध्यावर रेखीव आणि कडेला सरकवताच पुसट व वाकडा दिसत असेल, तर भिंगांच्या रचनेत काटकसर झाली आहे. वर्धन कमी-जास्त करताना छेदरेषा, म्हणजे रेटिकल, लक्ष्यावरून सरकता कामा नये. एवढ्या चाचणीनेच अर्धे स्पर्धक बाद होतात.

काच दिसते, यंत्रणा दिसत नाही

मध्यम किमतीत सर्वांत मोठी फसगत भिंगात नसते, ती नळीच्या आत असते. स्कोपवरील दोन गोल चकत्यांना टरेट म्हणतात. एक क्लिक फिरवला की नेमाचा बिंदू ठरावीक अंतराने सरकतो. मिल या मापात ०.१ मिलचा क्लिक १०० मीटरवर एक सेंटिमीटर सरकवतो. एमओए या मापात पाव एमओएचा क्लिक तेवढ्याच अंतरावर साधारण ७.३ मिलिमीटर सरकवतो. अर्थात हे झाले छापील वचन. आतील स्क्रू आणि स्प्रिंग हलक्या प्रतीच्या असतील, तर दहा क्लिक फिरवल्यावर नेम आठच क्लिक सरकतो, किंवा परत फिरवल्यावर मूळ जागी येत नाही. अशा वेळी नेमबाज स्वतःचा श्वास, खांदा, छर्रे आणि वारा यांना दोष देत राहतो. त्यात कित्येक महिन्यांचा सराव आणि पेट्याच्या पेट्या दारूगोळा खर्ची पडतो.

ही खोट पकडण्यासाठी गोळी झाडण्याचीही गरज नाही. अचूक मोजलेल्या १०० मीटरवर ओळंब्याने सरळ धरलेली, सेंटिमीटरच्या खुणा असलेली उंच पट्टी उभी करावी. स्कोप जड शिकंज्यात घट्ट आवळावा आणि छेदरेषा पट्टीच्या तळाशी आणून दहा मिल फिरवावे. रेषा बरोबर १०० सेंटिमीटर सरकली पाहिजे. ती ९८ वर थांबली, तर चूक दोन टक्क्यांची. वाचायला क्षुल्लक वाटणारी ही चूक ८०० मीटरवर १६ सेंटिमीटरची होते. सातत्याने एकसारखी असलेली चूक हिशेबात धरून भागवता येते. कधी ९८, कधी १०३ असे येत असेल, तर तो स्कोप कोणत्याही किमतीला महाग आहे. दुसरी परीक्षा चौकटीची : वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे. अखेरचा नेम पहिल्याच छिद्रावर आला पाहिजे.

छेदरेषेचे माप आणि टरेटचे माप एकच असणेही तितकेच महत्त्वाचे. मिलच्या खुणा आणि एमओएचे क्लिक अशी मिश्र जोडी अजूनही विकली जाते. एक मिल म्हणजे सुमारे ३.४४ एमओए, हा गुणाकार नेम धरून पडल्यापडल्या करावा लागतो. छेदरेषा पुढच्या नाभीय प्रतलात असेल, तर वर्धनाबरोबर तीही लहान-मोठी होते आणि खुणांचे माप कायम राहते. मागच्या प्रतलात असेल, तर ते माप एकाच वर्धनावर, बहुधा सर्वोच्च वर्धनावर, खरे ठरते. निम्म्या वर्धनावर तीच खूण दुप्पट अंतर दाखवते. पहिला प्रकार महाग असतो. एकाच अंतरावर सराव करणाऱ्याला त्याची गरज नाही.

एअर रायफलवाल्यांसाठी मात्र सर्वांत कळीचा मुद्दा पराशयाचा, म्हणजे पॅरॅलॅक्सचा आहे. सामान्य रायफल-स्कोपमध्ये तो सुमारे १०० मीटरसाठी कायमचा बसवलेला असतो. तोच स्कोप घराच्या गच्चीवर १० मीटरवर वापरला, तर ४० मिलिमीटरच्या भिंगात डोळा मध्यापासून ढळल्यास नेम कमाल १८ मिलिमीटरपर्यंत चुकू शकतो. दृश्य धूसर दिसते ते वेगळेच. १० मीटरच्या अधिकृत लक्ष्यावरील अख्खे काळे वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीचा आवाका कळतो. त्यामुळे १० मीटरपर्यंत खाली येणारी पॅरॅलॅक्सची जुळणी नसेल, तर बाकीची वैशिष्ट्ये पाहूच नयेत. स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलीचा धक्काही दुहेरी असतो. दट्ट्या सुटताना ती मागे येते आणि तो आदळताच पुढे झेपावते. मोठ्या रायफलीचा फक्त मागचा धक्का वर्षानुवर्षे सोसणारे महागडे स्कोप या छोट्या रायफलीवर खिळखिळे झाल्याचे अनुभव जगभर आहेत.

नाव, हमी आणि बुरशी

या किमतीतील अनेक नामांकित कंपन्या स्कोप स्वतः बनवत नाहीत. जपान, फिलिपिन्स व चीनमधील मोजक्या कारखान्यांतून तो बनवून घेतला जातो. एकाच कारखान्यातून वेगवेगळ्या दर्जाचा माल निघतो, कारण दर्जा ठरतो तो मागणीदाराने घातलेल्या अटींवर आणि तपासणीवर. नाव कायम टिकेल याचीही शाश्वती नसते. कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या निकॉनने काही वर्षांपूर्वी रायफल-स्कोपचा व्यवसायच थांबवला. आयुष्यभराच्या हमीचे मोल भारतीय ग्राहकासाठी निराळे असते. देशात अधिकृत विक्रेता नसेल, तर बिघडलेला स्कोप परदेशी पाठवणे आणि दुरुस्त होऊन आल्यावर सीमाशुल्कातून सोडवणे हा उपद्व्याप वस्तूच्या किमतीला भारी पडू शकतो. मोठ्या नावाचे नकली स्कोप तर उघड विकले जातात. अमेरिकेच्या ल्युपोल्ड कंपनीने स्वतःच अशा नकलांबाबत ग्राहकांना सावध केले आहे. अनुक्रमांक कंपनीकडून पडताळून घेतल्याशिवाय सवलतीच्या मोहात पडू नये.

दमट हवेच्या प्रदेशात आणखी एक शत्रू असतो. कोकणात कॅमेऱ्याच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पाहिलेल्यांना तो ठाऊक आहे. चांगल्या स्कोपमधील हवा काढून नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो आणि सांधे रबरी कड्यांनी बंद केलेले असतात. जुना स्कोप घेताना वस्तुभिंगाच्या बाजूने विजेरीचा तिरपा झोत टाकून पाहावे. आत धागे दिसले, तर स्वस्तातला सौदा तेथेच सोडून द्यावा.

बंगळुरूच्या दृष्टीने हा विषय केवळ हौसेचा नाही. याच शहरातील एसएसएस डिफेन्स ही कंपनी .३३८ लापुआ मॅग्नम काडतुसाची ‘सेबर’ ही स्नायपर रायफल बनवते. टोन्बो इमेजिंग उष्णतावेधी उपकरणे बनवते. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे मुख्यालयही येथेच आहे, तर मछलीपट्टणमच्या कारखान्यात तिची रात्रदृष्टी उपकरणे तयार होतात. डेहराडूनची इंडिया ऑप्टेल सैन्याला दृष्टीसाधने पुरवते. सैन्याने वर्षानुवर्षे वापरलेल्या ड्रॅगुनोव्ह रायफलीवर चार पट वर्धनाचा, २४ मिलिमीटर भिंगाचा स्कोप असे, यावरून वर्धनाच्या आकड्याचे खरे महत्त्वही ध्यानात यावे. एवढी क्षमता देशात असूनही नागरी खेळाडूला परवडेल असा मधल्या किमतीचा स्कोप अजून प्रामुख्याने आयातीवरच अवलंबून आहे. सैन्याची मागणी मोठ्या संख्येने आणि ठरलेल्या मापदंडांनी येते, तर खेळाडूंची मागणी तुटपुंजी आणि विखुरलेली असते, हे त्यामागचे एक उघड कारण दिसते.

तोवर ग्राहकाने एकूण रकमेतील काही भाग माउंटसाठी, म्हणजे स्कोप रायफलीला जोडणाऱ्या कड्यांसाठी, आधीच बाजूला काढलेला बरा. चाळीस हजारांचा स्कोप चारशे रुपयांच्या कड्यांत आवळला, की काही छऱ्यांनंतर तो सरकू लागतो आणि बदनाम होतो तो स्कोप. बसवताना नेत्रिका डोळ्यापासून आठ-दहा सेंटिमीटर दूर राहील, हेही पाहावे. मोठ्या रायफलीवर हे अंतर चुकले, की पहिल्याच धक्क्याला भुवईवर चंद्रकोर उमटते.