पलटणीपासून कावडीपर्यंत

परेड म्हटले की अकोलेकरांना लालबहादूर शास्त्री स्टेडियम आठवते. 26 जानेवारीची सकाळ, पोलिसांच्या तुकड्या, कडक इस्त्रीतले एनसीसीचे कॅडेट, पालकमंत्र्यांचे भाषण. यात नवे काही नाही. वऱ्हाडात परेड आली कशी आणि तिचा खर्च कोणी उचलला, हा भाग मात्र सुरस आहे.

हैदराबाद कंटिंजंट ही फौज निजामाची, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. तिचा पगार थकत गेला, कर्ज फुगले आणि डलहौसीच्या अमदानीत, मे 1853 मध्ये तह होऊन फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. फौज किती ठेवायची तेही तहात ठरले: किमान 5,000 पायदळ, 2,000 घोडदळ आणि 4 तोफखाने. एलिचपूरच्या छावणीत, म्हणजे आजच्या परतवाड्यात, पहाटे बिगूल वाजे. त्याचे पैसे काळ्या मातीत राबणारा कुणबी शेतसाऱ्यातून भरी. दुसऱ्याच्या कवायतीसाठी आख्खा मुलूख गहाण पडल्याची अशी उदाहरणे थोडीच असतील. पुढे 1902 च्या करारात निजामाला वर्षाला 25 लाख रुपये ठरले आणि वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने गेले. कंटिंजंट हिंदी लष्करात मिसळून संपली. मुलूख काही परत मिळाला नाही.

त्यानंतर वऱ्हाडी माणसाने आपली कवायत आपणच उभी केली. अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी 1914 मध्ये आखाडा काढला; तोच आजचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. लाठी, लेझीम, मल्लखांब, कबड्डी असा देशी मामला. 1936 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरले. उद्घाटनाच्या संचलनात ध्यानचंद यांच्या हाती वसाहती भारताचा झेंडा होता. पदकांच्या त्या धांदलीत अमरावतीची पोरे स्पर्धेत नव्हतीच. त्यांनी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली आणि कबड्डी पहिल्यांदा जगासमोर आली. हिटलरकडून झालेल्या गौरवाची गोष्ट अजूनही कौतुकाने सांगितली जाते. ते कौतुक आता आवरते घ्यायला हरकत नाही. जिथे जगभरचे लोक जमले होते, तिथे मोफुसिल गावातल्या मुलांनी आपल्या मातीतला खेळ मांडला, एवढे मोठेपण पुरेसे आहे.

वऱ्हाडची खरी परेड मात्र मैदानावर झालीच नाही. ती झाली रस्त्यावर, आणि तीही पाण्यापायी.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. विहीर खोदावी तर पाणी खारट. प्यायला नको, पिकाला नको. गांधीजींनी दांडीला मीठ उचलले तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडाने काय करावे? पिढ्यान्‌पिढ्या शाप ठरलेले तेच पाणी कामाला आले. एप्रिल 1930 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा इथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला गेला. वऱ्हाडातल्या या चळवळीच्या पुढाऱ्यांत ‘रणदुंदुभी’चे नाटककार वीर वामनराव जोशीही होते. रंगभूमीवर रणवाद्ये वाजवणारा नाटककार सत्याग्रहींच्या रांगेच्या पुढे, हा योग एखाद्या नाटकातही शोभला असता.

चौदा वर्षांनी त्याच पट्ट्यातून दुसरी रांग निघाली. 1944 साली पाऊस रुसला. अकोल्यातले काही तरुण गांधीग्रामला पूर्णेवर गेले, खांद्यावरून पाणी आणले आणि ग्रामदैवत राजराजेश्वराला जलाभिषेक केला. मग पाऊस आला, असे अकोल्यात सांगतात. पावसाचे श्रेय कोणाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. चालणे मात्र तेव्हापासून सुरू आहे.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या आदल्या दिवशी शहर गांधीग्रामकडे सरकू लागते. नदीत भरणे, म्हणजे पाण्याचे घडे, भरायचे, ते कावडीला बांधायचे आणि अठराएक किलोमीटर अनवाणी परतायचे. राजराजेश्वराची मानाची पालखी पुढे. मागे गल्लोगल्लीच्या शिवभक्त मंडळांच्या कावडी, काहींना शेकडो भरणे, त्यांवर शंकराची नाहीतर नंदीची उंच मूर्ती. एवढे वजन एका खांद्याचे काम नव्हे. पोरांची फळीच्या फळी खाली लागते. खांदा बदलायचा तर ठेका चुकवून चालत नाही, नाहीतर आख्खी कावड कलते. कवायतीच्या मास्तराने हेवा करावा अशी ही शिस्त, पण हुकूम कुठेच नाही. ‘हर्र बोला महादेव’ एवढेच. रस्त्याच्या कडेला चहाची भांडी आणि साबुदाण्याच्या उसळीची पातेली लागलेली असतात, आणि माणसाचे आडनाव न विचारता द्रोण हातात पडतो. अलीकडे डीजेच्या भिंती शिरल्या आहेत. त्या बंदच व्हायला हव्यात. कारण ठेका ऐकू आला नाही तर खांदा बदलणार कसा?

एलिचपूरच्या पलटणीचे तह, आकडे, हिशेब सरकारी दफ्तरात नीट जपले गेले. कावडीचा इतिहास मंडळांच्या वर्गणीच्या वह्यांत, जुन्या पत्रिकांत आणि घरोघरच्या फोटोंत आहे. अकोल्यातल्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर असा गठ्ठा असेल, तर यंदाच्या दिवाळीच्या आवराआवरीत तो रद्दीत घालू नये. एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवावा.