नास्तिकांचे आरोपपत्र आणि ख्रिस्ती पंडितांची उत्तरे

कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी ख्रिस्ती धर्मशास्त्रावर काय बोलावे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. तो रास्तच आहे. आम्ही ना पाद्री, ना प्राध्यापक. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर वाचले. शिवाय आम्ही कोणत्याही देवाचे उपासक नाही. तरीही हा विषय घेण्याचे कारण असे की, गंभीर आरोप झाला असता जुन्या आणि बलाढ्य संस्थेने कसे वागावे, हा प्रश्न आम्हाला रोज भेटतो. काही संस्था आरोप करणाराचे तोंड बंद करतात, काही कानांवर हात ठेवतात. आरोपपत्र हातात घेऊन, कलमवार वाचून, 'यातले एवढे खरे आहे' असे म्हणणाऱ्या संस्था फार थोड्या. युरोपातील काही ख्रिस्ती पंडितांनी हे करून पाहिले. ते कसे, आणि त्यात त्यांना किती यश आले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम आरोप समजून घेऊ. या जगाचा उलगडा या जगातच शोधणारे, पारलौकिक आधार न मानणारे जे तत्त्वज्ञान, त्याला आपण इहवादी म्हणू. त्याची वाट कांटने १७८१ साली मोकळी करून दिली. ईश्वर आहे हे निव्वळ तर्काने सिद्ध करता येत नाही, असे त्याने दाखवले. कांट स्वतः नास्तिक नव्हता. नीतीच्या आधारासाठी त्याने ईश्वराला जागा ठेवली होती. पण तर्काचा खांब एकदा काढला तो काढलाच. पुढे १८४१ साली लुडविग फॉयरबाख याने 'ख्रिस्ती धर्माचे सार' हा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, माणसाने आपलेच उत्तम गुण, म्हणजे प्रेम, ज्ञान, सामर्थ्य, स्वतःपासून काढून आकाशात नेऊन ठेवले आणि त्यांना देव हे नाव दिले. देव जितका श्रीमंत, तितका माणूस कंगाल. तीन वर्षांनी मार्क्सने त्यापुढचे पाऊल टाकले. माणूस असे का करतो? कारण त्याचे पृथ्वीवरचे जिणेच मोडलेले असते. धर्म ही अफू आहे ही त्याची उपमा सर्वांना पाठ असते. पण धर्मातून दुःखी माणसाची वेदनाही बोलते, हे त्याने त्याच ठिकाणी मान्य केले होते, याचा पुष्कळांना विसर पडतो.

म्हणजे आरोपपत्रात तीन कलमे झाली. पहिले, जगाचा उलगडा करण्यास ईश्वराची गरज उरलेली नाही. दुसरे, ईश्वर म्हणजे माणसाचीच आरशातली प्रतिमा. तिसरे, ही प्रतिमा जुलूम करणाऱ्यांच्या कामी येते.

पहिल्या कलमाचे उत्तर श्लायरमाखर या जर्मन पंडिताने १७९९ सालीच, फॉयरबाखच्या जन्माआधी, देऊन ठेवले होते. धर्म हे विज्ञान नव्हे आणि नीतिशास्त्रही नव्हे, असे तो सांगे. अनंतापुढे आपण परावलंबी आहोत ही जी खोल जाणीव, ती म्हणजे धर्म. उत्तर सुंदर होते, विज्ञानाशी भांडण मिटवणारे होते. परंतु फॉयरबाखने नेमके हेच दार ढकलले. धर्माचे मूळ जर माणसाच्या भावनेत आहे, तर त्या भावनेचा विषयही माणूसच का नसावा? या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकातील उदारमतवादी धर्मपंडितांजवळ उत्तर नव्हते. त्यांनी येशूला थोर नीतिशिक्षक केले, धर्माला सुसंस्कृत जर्मन समाजाचे भूषण केले, आणि काळाशी जुळवून घेतले.

या जुळवून घेण्याचा हिशेब १९१४ साली चुकता झाला. महायुद्ध सुरू होताच ९३ जर्मन विद्वानांनी आपल्या राष्ट्राच्या युद्धाचे समर्थन करणारे जाहीर पत्रक काढले. सही करणाऱ्यांत हार्नाक आणि हेरमान हे नामांकित धर्मशास्त्रज्ञ होते. त्यांचा एक विद्यार्थी त्या वेळी स्वित्झर्लंडमधील साफेनव्हिल या गावी पाळक होता. त्याचे नाव कार्ल बार्थ.

हा बार्थ आमच्या विशेष जिव्हाळ्याचा. साफेनव्हिलमध्ये कापडाचे कारखाने होते आणि मजुरी तुटपुंजी होती. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे तो तेथे राहिला. फॅक्टरी कायदे, विमा, संघटनेचे प्रश्न यांचा त्याने अभ्यास केला आणि कामगारांना संघटना बांधण्यास मदत केली. १९११ च्या डिसेंबरात त्याने कामगारमंडळापुढे येशू आणि समाजवादी चळवळ या विषयावर व्याख्यान दिले, तेव्हा गावच्या एका कारखानदाराने वर्तमानपत्रात त्याच्याविरुद्ध अनावृत पत्र छापले. बार्थनेही छापील उत्तर दिले. १९१५ साली तो समाजवादी लोकशाही पक्षाचा सभासद झाला.

आपल्या गुरूंच्या सह्या पाहून बार्थला कळून चुकले की, जो देव इतक्या सहजपणे कैसरच्या सैन्यात भरती होतो, तो देव माणसाचीच प्रतिमा असला पाहिजे. म्हणजे फॉयरबाखचे खरेच होते! पौलाच्या रोमकरांस पत्रावरील त्याच्या भाष्याची दुसरी, पूर्णपणे नव्याने लिहिलेली आवृत्ती १९२२ साली निघाली. तीत त्याने दुसरे कलम जवळजवळ कबूल केले. धर्म ही मानवी निर्मिती आहे, मान्य. पण ईश्वर धर्माहून वेगळा आहे. माणसाच्या इच्छेतून, संस्कृतीतून, राष्ट्राभिमानातून शिडी लावून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. तोच बोलतो, आणि बोलतो तेव्हा आपल्या सर्व मूर्तींना 'नाही' म्हणतो.

येथे चिकित्सक श्रोता म्हणेल, हे उत्तर की वाटाघाटींना नकार? ईश्वर बोलला हे कशावरून? यावर बार्थ पुरावा देत नाही. पुरावा मागणे म्हणजेच माणसाचे माप ईश्वराला लावणे, असे तो म्हणतो. आमचे यावर समाधान होत नाही. परंतु या हट्टाचे फळ पुढे दिसले. १९३४ साली हिटलरच्या भक्तांनी जर्मन चर्च ताब्यात घेऊ पाहिले, तेव्हा बार्मेन येथे निघालेली विरोधाची घोषणा मुख्यतः बार्थच्या लेखणीची होती. चर्चने दुसऱ्या कोणत्याही पुढाऱ्याचा शब्द देववाणी मानू नये, हा तिचा आशय. पुढच्याच वर्षी त्याची बॉनची प्राध्यापकी गेली. त्या घोषणेत ज्यूंच्या छळाविषयी मात्र अक्षर नव्हते, आणि ही उणीव बार्थने पुढे स्वतः मान्य केली.

दुसरा मार्ग भाषांतराचा. रुडॉल्फ बुल्टमान याने १९४१ साली सांगितले की, विजेचा दिवा लावणाऱ्या माणसाला तीन मजली विश्व, भुते आणि चमत्कार जसेच्या तसे मानावयास लावणे हा प्रामाणिकपणा नव्हे. त्या कथांतून माणसाच्या अस्तित्वाविषयी जे सांगितले आहे, ते उकलून घ्यावे. त्यासाठी त्याने हायडेगरच्या तत्त्वज्ञानाची मदत घेतली. पॉल टिलिख हाही धर्मनिष्ठ समाजवादी. नाझींनी १९३३ साली त्याला फ्रँकफुर्टच्या प्राध्यापकपदावरून दूर केले आणि तो अमेरिकेत गेला. त्याची रीत अशी की, प्रश्न तत्त्वज्ञानाने विचारावा आणि उत्तर धर्माने द्यावे. मृत्यू, अपराध, निरर्थकता यांची धास्ती इहवादी माणसालाही सुटत नाही. ईश्वर म्हणजे आकाशात बसलेली कोणी व्यक्ती नसून सर्व अस्तित्वाचा तळ होय, असे तो सांगे. हे भाषांतर सुशिक्षितांना पटले. पण अस्तित्वाच्या तळापुढे एखादी म्हातारी आपल्या आजारी नातवासाठी पदर कसा पसरणार, हा प्रश्न राहतोच.

तिसरे उत्तर तुरुंगातून आले. डीट्रिख बोनहॉफर हा तरुण पाळक. अहिंसक प्रतिकार शिकण्यासाठी गांधीजींकडे येण्याची त्याची इच्छा होती आणि १९३४ साली गांधीजींनी त्याला तसे निमंत्रणही दिले; पण येणे घडले नाही. हिटलरविरोधी कटातील मंडळींशी त्याचा संबंध होता. एप्रिल १९४३ मध्ये त्याला अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून आपल्या मित्राला १९४४ साली लिहिलेल्या पत्रांत त्याने पहिले कलम सरळ मान्य केले. जग आता वयात आले आहे. ज्ञानाच्या जेथे फटी राहतात तेथे देवाला बुजवणीसारखे कोंबले, तर ज्ञान वाढेल तसतसा देव मागे हटत जाणार. तेव्हा माणसाच्या दुबळेपणात चोरपावलांनी शिरण्याऐवजी त्याच्या सामर्थ्यात, कामात आणि जबाबदारीत ईश्वर भेटला पाहिजे; आणि चर्चने स्वतःसाठी न जगता इतरांसाठी जगले पाहिजे. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले. त्याचे वय ३९ होते.

राहिले तिसरे कलम. त्याचे उत्तर ग्रंथांपेक्षा कृतीने द्यावे लागते. १९४० च्या दशकात फ्रान्समधील काही कॅथलिक धर्मगुरू झगा उतरवून कारखान्यांत आणि गोद्यांत मजूर म्हणून उभे राहिले. काही युनियनमध्ये शिरले, संपात उतरले. १९५४ साली रोमने हा प्रयोग बंद करविला. १९६५ साली पुन्हा परवानगी दिली. त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्या दस्तऐवजात मान्य केले की, नास्तिकता वाढण्यास श्रद्धावंतांचे वर्तनही काही अंशी कारण असू शकते. युर्गेन मोल्टमान याने एर्न्स्ट ब्लॉख या मार्क्सवादी तत्त्वज्ञाकडून आशेचा विचार घेऊन १९६४ साली 'आशेचे ईश्वरशास्त्र' लिहिले. पेरूचे गुटिएरेझ यांनी १९७१ साली मुक्तीच्या ईश्वरशास्त्राचा ग्रंथ लिहून गरिबांची बाजू हाच श्रद्धेचा कस ठरवला. हे दोघेही २०२४ साली वारले.

मग निकाल काय? आमच्या मते पहिल्या कलमावर या मंडळींनी लढाई सोडली, आणि ते शहाणपणाचे झाले. दुसऱ्यावर बार्थने अर्धे कबूल केले, पण उरलेल्या अर्ध्याला पुरावा दिला नाही. तो वाद खुला आहे. तिसऱ्याचा निकाल ग्रंथात लागत नाही. तो प्रत्येक गावात, चर्च कोणाच्या शेजारी उभे राहते यावर, रोज नव्याने लागतो.

आम्ही नास्तिक होतो ते हे सर्व वाचूनही नास्तिकच राहिलो. मात्र एक गोष्ट आम्ही यातून उचलली. फॉयरबाखची कसोटी देवापुरती नाही. आपलेच गुण काढून एखाद्या पुढाऱ्याच्या, पक्षाच्या किंवा संघटनेच्या अंगावर चढवावे आणि मग तिच्यापुढे हात जोडून आपण रिते व्हावे, हा रोग देवळाबाहेरही आहे. कामगारांच्या राज्याच्या नावाखाली मूर्ती उभ्या राहिल्या आणि कोसळल्या, हे विसाव्या शतकाने पाहिले. तेव्हा आमच्यावर आरोपपत्र येईल त्या दिवशी ते फाडून न टाकता कलमवार वाचण्याचे धैर्य आमच्या संघटनांना लाभो. साफेनव्हिलच्या पाळकाकडून एवढे घेण्यास श्रद्धेची अट नाही.