लठ्ठपणा, किशोरवयातील

शरीरात मेद प्रमाणाबाहेर साठून तो आरोग्यास बाधक ठरू लागण्याच्या अवस्थेस लठ्ठपणा म्हणतात. १० ते १९ वर्षे या वयात जडलेला लठ्ठपणा पुष्कळदा प्रौढपणीही टिकून राहतो आणि मधुमेह, उच्च रक्तदाब, हृद्‌रोग इत्यादींचा धोका वाढवितो. पूर्वी हा विकार संपन्न देशांचा समजला जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५ ते १९ वर्षे वयाच्या मुलांत अतिवजनाचे प्रमाण (लठ्ठपणा धरून) १९९० मध्ये ८ टक्के होते. २०२२ मध्ये ते २० टक्के झाले. या वाढीतून विकसनशील देशही सुटलेले नाहीत.

तथापि या देशांत लठ्ठपणा कुपोषणाच्या जोडीने वावरतो. भारतातील २०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात किशोरवयीनांपैकी सु. २४ टक्के कृश, तर सु. ५ टक्के अतिवजनी आढळले. शहरी व सुस्थितीतील कुटुंबांत अतिवजनाचे प्रमाण अधिक असते.

ही दुहेरी समस्या चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्या संदर्भात समजून घेता येते. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. भातशेती, मोहफुले वेचणे, तेंदूपाने तोडणे या कामांत शरीरश्रम भरपूर. तेथील मुख्य प्रश्न अपुऱ्या पोषणाचा आहे. चंद्रपूर शहर मात्र कोळसा खाणी व औष्णिक वीजकेंद्र यांच्या आधाराने वाढले. शहरी राहणीत वाहनाचा वापर, शिकवणी वर्ग व दूरध्वनीचा पडदा यांमुळे हालचाल घटते. समोसा, आलूबोंडा, वेष्टनबंद खाऊ व साखरयुक्त पेये हाताशी असतात. उन्हाळ्यात पारा ४५° से. वर गेल्यावर मैदानी खेळही थांबतात.

लठ्ठपणाविषयीच्या जाणिवेतील पहिला अडथळा दृष्टीचा आहे. टंचाई अनुभवलेल्या समाजात गुटगुटीतपणा हे आरोग्याचे लक्षण मानले जाते. उलट, सडपातळ दिसणाऱ्या शरीरातही मेद जास्त असू शकतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक सारखाच, २२·३, असून मेदाचे प्रमाण अनुक्रमे २१·२ व ९·१ टक्के असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. याज्ञिकांच्या पुणे जिल्ह्यातील अभ्यासात कमी वजनाच्या नवजात अर्भकांतही तुलनेने अधिक मेद आढळला. त्यामुळे आज कृश असलेल्या समाजासही राहणीमान बदलताच हा धोका संभवतो.

हा निर्देशांक किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून मिळतो. वाढत्या वयात त्यास एकच मर्यादा लावता येत नाही. तो वय व लिंग यांनुसार केलेल्या आलेखावर पाहावा लागतो. कंबरेचा घेर मोजणेही उपयुक्त असते.

भारतात २०२० च्या नियमांनी शाळेत व तिच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिमेद, अतिशर्करा व अतिलवणयुक्त पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. नियमांस शिक्षणाची जोड हवी. ‘कमी खा’ हा सरसकट उपदेश मात्र घातक ठरतो. एकाच वर्गातील कृश मुलास त्याने अपाय होतो, तर स्थूल मुलास चिडविल्याने ते उपासमारीकडे वळू शकते. म्हणून प्रत्येक मुलाची उंची व वजन नियमित मोजून मगच सल्ला देणे, डाळी, भाज्या, फळे व अंडी यांना आहारात स्थान देणे आणि रोज सु. एक तास खेळ वा व्यायाम करणे इष्ट ठरते.