४६ सांधे, ७० लाख कोटी कणे

मानेवर हात ठेवा आणि डोकं सावकाश डावीकडे वळवा. या वळण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या जोडीचा. कमरेत मात्र एक मणका दुसऱ्यावर जेमतेम एक-दोन अंश फिरतो. हे ठरतं सांध्यांच्या ठेवणीवर. मणक्याच्या मागच्या अंगाला, डावीउजवीकडे नखाएवढे गुळगुळीत पृष्ठभाग असतात आणि त्यांवर वरचा मणका टेकतो. हेच फॅसेट सांधे. मानेत ते कौलांसारखे तिरपे, कमरेत भिंतीसारखे उभे.

दुसऱ्या मणक्यापासून कमरेखालच्या त्रिकास्थीपर्यंत असे ४६ सांधे. पुस्तकातल्या चित्रात डावा-उजवा हुबेहूब सारखे. जिवंत माणसात एकाचा कल थोडा जास्त, दुसऱ्याचा कमी, हे नेहमीचंच.

प्रत्येक सांध्याच्या दोनच तऱ्हा धरू. ४६ वेळा दोनाने गुणलं की येतात ७,०३,६८,७४,४१,७७,६६४, म्हणजे ७० लाख कोटींहून जास्त कणे! आजवर जन्मलेली सगळी माणसं अंदाजे ११-१२ हजार कोटी. कण्यांचा आकडा त्यांच्या सुमारे सहाशे पट. शेजारचे सांधे एकमेकांच्या वळणावर जातात, त्यामुळे खऱ्या तऱ्हा कमी भरतील हे खरं. पण दोनच तऱ्हा धरणं हीसुद्धा कंजुषीच होती. कल तर अंशाअंशाने बदलतो.

नुसता कलच नाही, मणक्यांची मोजणीही बदलते. कमरेचे मणके पाच, असं आपण शाळेत शिकलो. काहींचा पाचवा मणका पंखासारखा रुंद होऊन त्रिकास्थीला जाऊन मिळतो, कधी तिथे एक जादाचा सांधाही तयार होतो. इटलीचे डॉक्टर मारिओ बेर्तोलोत्ती यांनी १९१७ मध्ये याचा कंबरदुखीशी संबंध जोडला. उलट काहींच्या त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा राहतो. वेगवेगळ्या पाहण्यांत असे कणे शंभरात ४ पासून ३० च्या पुढेपर्यंत सापडले आहेत. ४ च धरा, तरी ८०० कोटींत ३२ कोटी माणसं!

शस्त्रक्रियेच्या टेबलावर हे जोखमीचं गणित होतं. पाचवा मणका त्रिकास्थीत मिसळलेला असेल, तर खालून मोजणाऱ्याचा पाचवा हा वरून मोजणाऱ्याचा चौथा ठरतो आणि सुरी मणक्यांमधल्या भलत्याच चकतीवर जाऊ शकते. म्हणून शंका आली की अख्ख्या कण्याचं चित्र काढतात, दुसऱ्या मणक्याचा दातासारखा सुळका शोधतात आणि तिथून एकेक मणका मोजत खाली येतात.